पहिल्यांदाच निळी टोपी घालून दक्षिण सुदानला निघालेल्या जवानासाठी

पलटणीची संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेसाठी निवड झाल्याचे रोल कॉलला सांगितले जाते, त्या संध्याकाळी बराकीतला निम्मा वेळ डॉलरच्या हिशेबात जातो आणि उरलेला घरी फोन करण्यात. मीही त्यातून गेलो आहे. आता निवृत्त होऊन बार्शीकडे शेती पाहतो, पण आमच्या भागातला एखादा मुलगा मिशनवर निघाला की भेटायला येतो आणि त्याचा पहिला प्रश्न बहुधा ‘तिथे गोळीबार किती होतो?’ हाच असतो. त्याचे उत्तर पुढे येईल. मात्र तिथे अडचणीत आलेले जे जवान मी पाहिले, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या अडचणीचा गोळीबाराशी काही संबंध नव्हता. एकाने मलेरियाचे औषध घेणे सोडले होते, एकाच्या गावी बांधावरून वाद पेटला होता आणि एकाने मोबाइलवरून नको ते छायाचित्र टाकले होते. म्हणून निघण्याच्या तीन महिने आधीपासून परतल्यानंतरच्या काही महिन्यांपर्यंत काय काय करावे, ते येथे क्रमाने लिहीत आहे. मला दक्षिण सुदान ठाऊक आहे, म्हणून तेच समोर ठेवले आहे. काँगो, लेबनॉन किंवा गोलानला जाणाऱ्यांना हवामान आणि भाषा यांचा भाग सोडून बाकीचे बहुतेक सारे लागू पडेल.

आपण कशासाठी जातो, हे आधी समजून घ्या

दक्षिण सुदान ९ जुलै २०११ रोजी स्वतंत्र झाला आणि त्याच वेळी तिथे संयुक्त राष्ट्रांचे मिशन सुरू झाले. त्याचे मुख्यालय पांढऱ्या नाईलच्या काठावरील जुबा या राजधानीत आहे. भारतीय पलटणी आणि रुग्णालये मुख्यतः बोर, मलकाल आणि जुबा या भागांत राहत आली आहेत. डिसेंबर २०१३ मध्ये तिथे यादवी युद्ध पेटले, जीव वाचवण्यासाठी हजारो माणसे बायकामुलांसह संयुक्त राष्ट्रांच्या तळांच्या कुंपणाआड येऊन राहिली, आणि २०१४ मध्ये सुरक्षा परिषदेने सामान्य नागरिकांचे संरक्षण हे मिशनचे पहिले काम ठरवले. सप्टेंबर २०१८ मध्ये शांतता करार झाला, तरी गुरांच्या लुटीवरून, चराऊ रानावरून आणि स्थानिक सत्तेवरून होणाऱ्या चकमकी थांबलेल्या नाहीत.

दिल्लीत लष्कराचे शांतिसेना प्रशिक्षण केंद्र २००० सालापासून आहे आणि निघण्यापूर्वीच्या प्रशिक्षणात तीन तत्त्वे पुन्हा पुन्हा सांगितली जातात: संबंधित पक्षांची संमती, निःपक्षपातीपणा, आणि स्वसंरक्षण किंवा सोपवलेल्या कामाचे रक्षण एवढ्यासाठीच बळाचा वापर. वर्गात ही तत्त्वे सोपी वाटतात. ज्या जवानाने तीन-चार वर्षे काश्मीरमध्ये काढली आहेत, त्याला ती अंगी बाणवायला खरा त्रास होतो, कारण तिथे समोर शत्रू असतो आणि इथे शत्रू नसतो. दोन जमाती भांडत असतील तर दोघांचीही माणसे तुमच्या फाटकावर पाणी मागायला येणार आहेत. आज ज्याने रस्ता अडवला त्याच्याशीच उद्या तुमच्या कंपनी कमांडरांना चहा घेत बोलणी करायची आहेत. ‘हे लोक चांगले, ते लोक वाईट’ असे एकदा तोंडातून गेले की दुभाष्यामार्फत ते संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजारात पोहोचते.

बळाच्या वापराच्या नियमांचे छोटे कार्ड प्रत्येकाला मिळते. ते ट्रंकेत ठेवू नका, खिशात ठेवा, आणि इंग्रजी कच्चे असेल तर आपल्या सेक्शन कमांडरांकडून प्रत्येक ओळ हिंदीत किंवा मराठीत समजावून घ्या. न समजलेला नियम ऐन वेळी आठवत नाही. हे नियम हात बांधून ठेवतात, असे नव्याने आलेल्यांना वाटते. ते पूर्ण खरे नाही. नागरिकांच्या जिवाला तत्काळ धोका असेल तर बळ वापरण्याचा अधिकार त्याच कार्डात लिहिलेला असतो. १९ डिसेंबर २०१३ रोजी अकोबो येथील छोट्या तळावर सशस्त्र जमाव चालून आला, आश्रयाला आलेल्या नागरिकांना मारण्यासाठी. त्या हल्ल्यात दोन भारतीय सैनिकांनी प्राण गमावले. त्याआधी ५ डिसेंबर १९६१ रोजी काँगोतील एलिझाबेथव्हिल येथे कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया धारातीर्थी पडले आणि त्यांना परमवीर चक्र मिळाले. संयम आणि शौर्य दोन्ही या निळ्या टोपीखाली लागतात. कधी कोणते, हे ओळखण्याचे प्रशिक्षण दिल्लीत मिळते, म्हणून तिथले दिवस सुट्टीसारखे घालवू नका.

निघण्यापूर्वी घर आवरा

माझ्या मते संपूर्ण तयारीतला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे आणि सर्वांत दुर्लक्षित भागही हाच. पलटण तुमचे शस्त्र, किट आणि लसीकरण तपासते. तुमच्या घरचे कागद तपासणारे दुसरे कोणी नाही.

आधी युनिटच्या ऑफिसात बसून आपली नोंद पाहा. लग्न, मुलाचा जन्म, पत्ता यांची पार्ट टू ऑर्डर (कागदोपत्री नोंद करणारा युनिटचा आदेश) निघालेली आहे का, किंड्रेड रोलमध्ये (घरच्या माणसांच्या नोंदीत) जवळच्या नातेवाइकाचे नाव आणि फोन आजचा आहे का, ग्रुप इन्शुरन्स, प्रॉव्हिडंट फंड आणि बँक या तिन्ही ठिकाणी वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. लग्नापूर्वी भरती झालेल्या अनेकांच्या कागदांवर वर्षानुवर्षे फक्त वडिलांचे नाव असते. वडिलांचे नाव ठेवायचे की पत्नीचे की दोघांचे वाटे लावायचे, हा ज्याचा त्याचा निर्णय आहे, पण तो विसरून राहिलेला निर्णय असू नये. घरच्यांची ओळखपत्रे झाली आहेत का, जवळचे मिलिटरी हॉस्पिटल कोणते आणि तिथे कोणते कागद न्यावे लागतात, हे पत्नीला किंवा आईला एकदा प्रत्यक्ष सोबत नेऊन दाखवा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा पत्ता आणि फोन घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. शेजाऱ्याने त्रास दिला किंवा सरकारी कामात अडवणूक झाली तर घरच्या माणसाला दार ठोठावायला ती हक्काची जागा आहे.

नंतर जमिनीकडे वळा. सातबारा आणि आठ-अ यांचे ताजे उतारे काढा, वारसनोंद किंवा फेरफार अडकला असेल तर निघण्यापूर्वी तलाठ्याकडे पाठपुरावा करा, पीककर्ज आणि सोसायटीचे हप्ते कोण भरणार ते ठरवा आणि पिकाची मोबाइलवरची नोंद कोण करणार तेही सांगून ठेवा. तुमच्या सहीवाचून अडेल असे काम वर्षभरात निघणार असेल तर मुखत्यारपत्र करून ठेवावे लागते. ते वकिलाच्या सल्ल्याने, दुय्यम निबंधकांकडे नोंदवून, आणि ठरावीक कामापुरतेच करा. ‘सगळे अधिकार भावाला’ असे सर्वसाधारण मुखत्यारपत्र घाईने करून गेलेल्या एका जवानाला परत आल्यावर रस्त्यालगतचे दोन एकर विकले गेल्याचे कळले. भाऊ सख्खा होता, व्यवहारही कागदोपत्री चोख होता, आणि म्हणूनच काही करता आले नाही. भावावर अविश्वास दाखवण्याचा हा प्रश्न नाही. मर्यादित अधिकाराच्या कागदाने भावालाही इतरांच्या दबावापासून आधार मिळतो.

पैशाबद्दल दोन गोष्टी स्पष्टपणे लिहितो. संयुक्त राष्ट्रे प्रत्येक सैनिकामागे दरमहा ठरावीक रक्कम त्या त्या देशाच्या सरकारला देतात. २०१८ मध्ये ती १,४२८ डॉलर ठरली आणि पुढे थोडी वाढली. ही रक्कम म्हणजे जवानाचा पगार, असा समज गावोगाव पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. जवानाला आपला पगार आणि सरकारने ठरवलेला परदेश भत्ता मिळतो, शिवाय मिशनकडून दिवसाला १.२८ डॉलर इतका किरकोळ भत्ता आणि थोडा रजेचा भत्ता मिळतो. नेमका आकडा पलटणीच्या अकाउंट विभागाकडून लिहून घ्या आणि तो हातात येईपर्यंत ट्रॅक्टर, प्लॉट किंवा बहिणीच्या लग्नाचा मोठा मांडव यांपैकी कशाचाही इसार देऊ नका. दुसरी गोष्ट मोबाइल क्रमांकाची. बँकेचे ओटीपी ज्या सिमवर येतात, ते प्रीपेड सिम दीर्घकाळ न वापरल्यास बंद होते आणि मग परदेशातून बँक खाते चालवणे फार कठीण जाते. ते सिम घरच्या विश्वासू माणसाच्या फोनमध्ये चालू ठेवा, रिचार्जची तारीख त्याला सांगून ठेवा.

पत्नीशी, आईवडिलांशी एकदा शांत बसून बोला. किती दिवसांनी फोन येईल, चार दिवस आला नाही तर घाबरायचे नाही, टीव्हीवर आफ्रिकेतल्या हल्ल्याची बातमी आली तर कोणाला फोन करायचा, हे आधीच ठरलेले असावे. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावातून पहिल्या महायुद्धात गेलेले ४६ जवान परतले नाहीत, आणि १९४१ मध्ये मराठा पलटणी इरिट्रियात केरनच्या डोंगरात लढत होत्या. त्या काळी घरच्यांकडे खुशालीच्या पत्राची वाट पाहण्यापलीकडे काही नव्हते. आज फोन आहे, पण फोनमुळे काळजी कमी होतेच असे नाही. अर्धवट बातमी पोहोचवायला तोच सर्वांत पुढे असतो.

लस, गोळी आणि ट्रंक

पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि तिचे पिवळे प्रमाणपत्र विमानतळावर पाहिले जाते. ते पासपोर्टाइतकेच जपा. बाकीच्या लसी युनिटचे डॉक्टर वेळापत्रकाप्रमाणे देतील. दाताचे दुखणे, जुना मूळव्याध, गुडघ्याची कुरकुर यांतले काही लपवून मिशनवर जाऊ नका. मधल्या पावसाळ्यात तुमच्या दाढेसाठी हेलिकॉप्टर उडवावे लागले तर त्या दिवशी एखादी खरी गरज मागे राहते.

ट्रंकेत काय न्यावे, याच्या याद्या पलटण देतेच. माझी भर थोडीच आहे: सुती मोजे आणि आतले कपडे यादीपेक्षा दुप्पट, पूर्ण बाह्यांचे हलके कपडे, चांगले गमबूट, डोक्याला बांधायची विजेरी, सुई-दोरा, आणि चश्मा असेल तर दुसरा जोड. रेशन मिशनच्या ठेकेदाराकडून येते; भाजी आणि मांस बरेचदा गोठवलेले असते आणि सहाव्या आठवड्यात सगळ्याची चव एकच लागू लागते. कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट यांचे घट्ट बंद डबे सोबत असू द्या. बियाणे, ओला माल किंवा डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचूनची औषधे मात्र नेऊ नका.

पहिले पंधरा दिवस

पलटणी टप्प्याटप्प्याने बदलतात, त्यामुळे जुन्या पलटणीची काही माणसे आठ-दहा दिवस तुमच्यासोबत असतात. त्यांचे लक्ष परतीच्या सामानाकडे असते, तरी त्यांच्या मागे लागा. कोणत्या वळणावर गाडी रुतते, कोणता म्हातारा गावात शब्दाला वजन असलेला आहे, जनरेटर कोणत्या वेळी बंद पडतो, फाटकावर रोज येणारी मुले कोण, असले ज्ञान ताबा देण्याघेण्याच्या कागदात नसते.

मलेरियाबद्दल मी थोडा विस्ताराने लिहितो. तिथला मलेरिया बहुतांशी फाल्सिपेरम जातीचा आहे, तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो आणि उपचाराला उशीर झाल्यास धडधाकट माणूस काही दिवसांत दगावतो. प्रतिबंधक गोळी कोणती घ्यायची ते डॉक्टर ठरवतील. डॉक्सीसायक्लिन असेल तर ती रोज, जेवणानंतर, भरपूर पाण्यासोबत घ्यावी आणि घेऊन लगेच आडवे होऊ नये. मेफ्लोक्विन असेल तर ती आठवड्यातून एकदा असते, आणि तिच्यामुळे भयंकर स्वप्ने, अस्वस्थता किंवा उदासी जाणवू लागली तर डॉक्टरांना त्याच दिवशी सांगावे, ते औषध बदलून देतात. स्वतःहून बंद करू नये. तिसऱ्या महिन्यात ‘एवढे दिवस काही झाले नाही’ म्हणून गोळ्या सोडणारे प्रत्येक कंपनीत निघतात. आमच्यातल्या अशाच एका उमद्या मुलाने दोन दिवस अंगावर ताप काढला आणि तिसऱ्या दिवशी त्याला शुद्ध नव्हती. तो वाचला, पण पुढचे कित्येक आठवडे त्याला रायफल उचलवत नव्हती. गोळी घेऊनही मलेरिया होऊ शकतो, म्हणून औषधी मच्छरदाणी, सूर्यास्तापासून पूर्ण बाह्या आणि उघड्या कातडीवर डास पळवणारे मलम हे तिन्ही हवे, आणि कसलाही ताप आला तर त्याच दिवशी रक्ततपासणी हवी.

पाणी तहान लागण्याची वाट न पाहता प्यावे; लघवीचा रंग गडद दिसू लागला की शरीर कोरडे पडत आहे असे समजावे. नाईल कितीही शांत दिसली तरी तिच्यात आंघोळीला उतरू नका, कारण तिथल्या गोगलगायींमार्फत वाढणारे कृमी थेट कातडीतून शरीरात शिरतात. पावसाळ्यात दिव्याभोवती येणारी लाल-काळी बारीक नैरोबी माशी अंगावर बसली तर चिरडू नका, फुंकून उडवा. चिरडल्यास त्वचा भाजल्यासारखी फोडाळते. बूट घालण्यापूर्वी झटकायचे, हे तर आपल्याकडे शेतात झोपणाऱ्याला सांगावे लागत नाही.

जमिनीबाबत आपल्याकडच्या मुलांना एक फायदा आहे. जोंगलेई आणि अप्पर नाईल भागातली जमीन आपल्या सोलापूर-मराठवाड्यासारखी काळी चिकणमातीची आहे, उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात गाडीला गिळते. साधारण मे ते ऑक्टोबर बहुतेक रस्ते बंद असतात आणि सारी भिस्त हेलिकॉप्टर आणि नदीवर राहते. तासाभराचा पाऊस पडून गेल्यावर लगेच गाडी घालू नये, हे शहरात वाढलेल्या अधिकाऱ्यालाही तुम्ही नम्रपणे सांगू शकता. ड्रायव्हरांनी आणखी एक लक्षात ठेवावे: तिथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. मिशनची स्वतःची वाहन चाचणी आणि परवाना असतो, पट्टा बांधणे सक्तीचे असते, आणि सरावाने डावीकडे जाणारा हात ताब्यात यायला दोन-तीन आठवडे लागतात. युद्धाच्या वर्षांत पेरलेले सुरुंग आणि न फुटलेले दारूगोळे अजून जमिनीत आहेत. त्यामुळे लघवीलासुद्धा रुळलेली वाट सोडू नका. लाल-पांढरे रंगवलेले दगड दिसले तर लाल बाजू धोक्याची आणि पांढरी सुरक्षित.

फाटकावर, गस्तीवर आणि गावात

आता गोळीबाराच्या प्रश्नाचे उत्तर. बरेच जवान वर्षभरात एकही गोळी न झाडता परततात, आणि काहींच्या वाट्याला एकच असा दिवस येतो ज्यात सगळे ठरते. ९ एप्रिल २०१३ रोजी जोंगलेई राज्यात गुमुरुकजवळ संयुक्त राष्ट्रांच्या ताफ्यावर दबा धरून हल्ला झाला, त्यात पाच भारतीय सैनिकांसह बारा जण मारले गेले. तो ताफा नेहमीच्याच कामावर होता. म्हणून गस्त पन्नासावी असली तरी हेल्मेट डोक्यावर, बीपी (बुलेटप्रूफ) जॅकेट अंगावर, गाड्यांमधले अंतर ठरलेले, रेडिओ तपासलेला आणि जखमींना कुठे न्यायचे ते ठाऊक असलेले हवे. कंटाळा हा या मिशनवरचा मोठा धोका आहे. तो सातव्या-आठव्या महिन्यात येतो आणि नेमका तेव्हाच पट्टा सैल होतो.

फाटकावरच्या संतरीला मिशनचा चेहरा समजले जाते. शस्त्राची नळी खाली, गॉगल काढलेला, आणि आधी नमस्कार. जुबा अरबी या तिथल्या बोलीतले काही शब्द पहिल्या आठवड्यात पाठ करा: ‘सलाम’ म्हणजे नमस्कार, ‘इता केफ?’ म्हणजे तू कसा आहेस, ‘कुवेस’ म्हणजे बरे, ‘मोया’ म्हणजे पाणी, ‘माफी’ म्हणजे नाही, ‘शुक्रन’ म्हणजे आभार. तिथल्या नुएर जमातीच्या माणसाला ‘माले’ असे अभिवादन केले तर त्याचा चेहराच बदलतो. दुभाष्याशी बोलताना डोळे दुभाष्याकडे ठेवू नका, ज्याच्याशी बोलायचे आहे त्याच्याकडे ठेवा, वाक्ये लहान ठेवा, आणि दुभाष्याचीही एक जमात आहे, त्याचे कुटुंब याच भागात आहे, याची जाणीव ठेवा. त्याला अडचणीत आणणारा प्रश्न सर्वांसमोर विचारू नये.

डिंका, नुएर आणि मुर्ले समाजांत गुरे हीच संपत्ती, प्रतिष्ठा आणि सोयरीक आहे. लग्नात मुलीच्या घरी गाई द्याव्या लागतात, त्यामुळे कळप लुटला गेला की पैशाबरोबर घरातल्या तरुणाचे लग्नही जाते, आणि बदल्याची दुसरी लूट उभी राहते. पोळ्याला बैलाच्या शिंगांना रंग लावणाऱ्या घरातून आलेल्या मुलाला हे पटकन उमगते. एखाद्या म्हाताऱ्याला त्याच्या बैलाच्या शिंगांविषयी, रंगाविषयी विचारून पाहा. शांतता समितीच्या तीन बैठकांत जे कळत नाही ते तो अर्ध्या तासात सांगतो. भारतीय पलटणींसोबत गेलेल्या पशुवैद्यांनी मलकाल आणि बोर भागात गुरांवर केलेले उपचार तिथे अजून आठवले जातात. कळपातून गाडी हाकलू नका, हॉर्न वाजवू नका, थांबा.

वचन देऊ नका. हे मी स्वतःच्या चुकीवरून लिहितो. एका वस्तीत पाण्याची टंचाई पाहून मी तिथल्या वडीलधाऱ्या माणसाला ‘उद्या टँकर येईल’ असे सहानुभूतीने बोलून गेलो. टँकर देणे माझ्या हातात नव्हते. पुलाजवळचा रस्ता खचला आणि तो आला नाही. पुढच्या गस्तीला त्या वस्तीत आम्हाला बसायला कोणी चटई टाकली नाही, आणि तुटलेला शब्द सांधायला आमच्या कंपनी कमांडरांना दोन महिने लागले. ‘तुमचे म्हणणे वर पोहोचवतो’ एवढेच बोला आणि खरोखर पोहोचवा. चालत्या गाडीतून मुलांकडे बिस्किटे किंवा पाण्याच्या बाटल्या फेकू नका. पुढच्या वेळी ती चाकाखाली येतात.

यानंतरचा मुद्दा मी अत्यंत गंभीरपणे लिहीत आहे. लैंगिक शोषणाबाबत संयुक्त राष्ट्रांचा नियम २००३ पासून लेखी आहे. अठरा वर्षांखालील व्यक्तीशी कोणताही लैंगिक संबंध गुन्हा मानला जातो आणि ‘वय जास्त वाटले’ हा बचाव चालत नाही. पैसा, अन्न, नोकरी किंवा कसलीही मदत देऊन संबंध ठेवणे पूर्ण निषिद्ध आहे, मग समोरच्या स्त्रीची संमती असल्याचे कोणी कितीही सांगो. तुमच्या हातातला रेशनचा डबा त्या वस्तीत सत्ता आहे. उपाशी माणसाची हो ही मोकळी हो नसते. असे काही तुमच्या कानावर आले तर मित्र म्हणून झाकू नका, वरिष्ठांना कळवा. कळवणे हे तुमचे कर्तव्य म्हणूनच नियमात लिहिले आहे. आपल्या लोकांनी या बाबतीत कमावलेला विश्वास वेगळ्या वाटेने मोठा झाला आहे: भारताने २००७ मध्ये लायबेरियात फक्त महिलांची पोलीस तुकडी पाठवली, आणि दक्षिण सुदानमध्ये काम केलेल्या मेजर सुमन गवानी यांना संयुक्त राष्ट्रांचा २०१९ चा लष्करी लिंगसमभाव पुरस्कार मिळाला. तुमच्या गस्तीत महिला सैनिक असतील तर वस्तीतल्या बायका त्यांच्याशी जे बोलतात ते तुमच्याशी बोलणार नाहीत; त्यांच्या बोलण्याला पुरेसा वेळ मिळेल अशी गस्त आखलेली असावी, असे सुचवायला संकोच करू नका.

छायाचित्रे परवानगीशिवाय काढू नका. पूल, विमानतळ, सरकारी इमारती आणि स्थानिक सैनिक यांच्याकडे कॅमेरा रोखला तर अटकेपर्यंत पाळी येते. भुकेल्या मुलाचे किंवा अर्धवट कपड्यातल्या बाईचे छायाचित्र गावच्या ग्रुपवर टाकण्याचा तुम्हाला काही हक्क नाही. आपल्या दुष्काळात आपल्या आयांचे असे कोणी टाकले असते तर काय वाटले असते, याचा विचार करावा. तळाचे ठिकाण, गस्तीची वेळ आणि सोबत्यांची नावे दिसतील असे तर काहीच टाकू नये.

तळावरचे दिवस आणि घरचा फोन

मिशनमध्ये रवांडा, इथिओपिया, घाना, नेपाळ, बांगलादेश, चीन, मंगोलिया अशा अनेक देशांचे सैनिक भेटतात. पाकिस्तानी सैनिकही भेटू शकतात, आणि तिथे दोघांच्याही डोक्यावर एकच टोपी असते. कामापुरते सभ्य बोलावे, सीमेवरचा विषय काढू नये आणि पलटणीची माहिती देऊ नये. रेडिओवर आणि बैठकीत इंग्रजी चालते. तुमचे इंग्रजी मोडके असले तरी स्पष्ट आणि सावकाश बोलल्यास निभावते. आकडे, दिशा, वेळ आणि ‘अल्फा, ब्राव्हो’ ही अक्षरमाला मात्र चोख हवी.

दक्षिण सुदानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहे. तुमचे रात्रीचे जेवण आटोपून आठ वाजता फोन लावाल तेव्हा घरी साडेअकरा झालेले असतात आणि आई दचकून उठते. दुपारी साडेतीनचा फोन घरी संध्याकाळी सातला पोहोचतो, ती वेळ बरी. रोज बोलण्यापेक्षा ठरलेल्या दिवशी बोलणे घरच्यांना अधिक सोसते. घरून वाईट बातमी आली, झोप उडाली किंवा रागावर ताबा राहिनासा झाला तर सुभेदार साहेबांना किंवा डॉक्टरांना सांगा. हातात भरलेले शस्त्र असलेल्या माणसाने असे दुःख एकट्याने झेलू नये. व्यायाम, हॉलीबॉल आणि गणपतीचे दिवस यांनी मोठा आधार मिळतो. आमच्या तळावर शाडू मिळाली नाही म्हणून नाईलकाठच्या मातीची मूर्ती केली होती, आणि आरतीला नेपाळी व इथिओपियन सोबती टाळ्या वाजवत उभे होते.

परतीची वाट

नव्वद दिवसांची सेवा झाली की संयुक्त राष्ट्रांचे पदक मिळते आणि त्याच्या परेडचे छायाचित्र घरी भिंतीवर लागते. परतीच्या महिन्यात मन आधीच घरी पोहोचलेले असते; त्या दिवसांत गस्तीवर दुप्पट लक्ष द्या आणि नव्या पलटणीला तुम्हाला जे कोणी सांगितले नव्हते ते सगळे बसवून सांगा. हस्तिदंत, कातडी, प्राण्यांची शिंगे यांच्या वस्तू स्वस्तात मिळाल्या तरी घेऊ नका, त्या बाळगणे बेकायदा आहे. हिशेबाचे आणि वैद्यकीय तपासणीचे कागद स्वतःजवळ एक प्रत ठेवून मगच सुट्टीवर निघा.

घरी पोहोचल्यावर पहिले काही दिवस गर्दीत, फटाक्यांच्या आवाजात अंग दचकते, झोप वेळीअवेळी येते आणि वर्षभर घर सांभाळलेल्या पत्नीच्या पद्धती वेगळ्या झालेल्या दिसतात. तिने बसवलेली घडी पहिल्याच आठवड्यात मोडू नका. डॉक्सीसायक्लिन किंवा मेफ्लोक्विन चालू असेल तर परतल्यानंतरही चार आठवडे ती घ्यायचीच असते, आणि नेमक्या याच चार आठवड्यांत हार-तुरे व पाहुणचार यांच्या नादात ती सुटते. पुढचे काही महिने कधीही ताप आला आणि गावातल्या डॉक्टरांकडे गेलात, तर व्हायरल ताप म्हणून गोळ्या लिहून देण्याआधी त्यांना पहिलेच वाक्य हे सांगा: ‘मी आफ्रिकेतून आलो आहे, माझे रक्त मलेरियासाठी आजच तपासा.’